उणे 158

'पॅटर्न' म्हटले की मराठवाड्यात बारावीचा निकाल आठवतो. पूर्व विदर्भात रक्ताचा रिपोर्ट आठवतो. 'पोरगी एएस पॅटर्नची आहे', 'धाकटा एसएस निघाला' अशी वाक्ये वर्धा जिल्ह्यात सोयरिकीच्या बोलण्यापासून आशाताईंच्या वहीपर्यंत कुठेही येतात, आणि ऐकणाऱ्याला सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बीटा ग्लोबिन या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. हिशोब इतका सरळ की दोन अक्षरांत मावतो. पण तेवढ्यावर भिस्त ठेवून रुग्णांकडे पाहू लागले की तो जुळेनासा होतो. एका गावातला एसएस मुलगा थंडी पडली की हाडे धरून कण्हतो, वर्षातून चार वेळा भरती होतो. शेजारच्या गावातली एसएस बाई दोन बाळंतपणे पार पाडून पऱ्हाटी वेचायला जाते आणि तिला आपला पॅटर्न पस्तिशीत, कुठल्याशा शिबिरात कळतो. बिघाड दोघांत अक्षरशः एकच आहे. मग फरक कुठून आला? माझे म्हणणे असे, की त्या फरकाचा मोठा वाटा जनुकात नसून जनुकाच्या दाराशी आहे, ज्या जागेला शास्त्रज्ञ प्रमोटर म्हणतात तिथे. आणि जनुकाचे नाव लिहून थांबणारा आपला रिपोर्ट म्हणूनच अर्धा असतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याची नोंद छापली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. पुढे काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष एका जागेवर आणून ठेवला: बीटा साखळीतल्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत या पेशी सापडल्या. 1958 मध्ये आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये दिली. वर्ध्यापुरते बोलायचे तर कस्तुरबांच्या नावाने उभ्या राहिलेल्या सेवाग्रामच्या रुग्णालयाला जोडून 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीला नय्यर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या बालरोग विभागातून कांबळे आणि चतुर्वेदी यांचा ग्रामीण रुग्णालयातल्या सिकलसेलविषयीचा लेख 2000 मध्ये 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये आला. आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांतल्या हजारो घरांना ठाऊक असलेली गोष्ट अशी टप्प्याटप्प्याने कागदावर चढली. या साऱ्या इतिहासात लक्ष मात्र एकाच ठिकाणी खिळलेले दिसते, बिघडलेल्या अक्षरावर.

त्या अक्षराने न उलगडणारे कोडे 1948 मध्येच समोर आले होते. न्यूयॉर्कच्या जेनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की ज्या बाळांना पुढे हा आजार होणार आहे त्यांच्या रक्तात जन्मतः वाकड्या पेशी फारच थोड्या दिसतात. पहिले पाच-सहा महिने बाळ खणखणीत असते, आणि मग एक दिवस त्याचे हातपाय सुजतात. वॉटसन यांनी कारणाचा अंदाजही बरोबर केला. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटाची साखळी नसते, गॅमाची असते. याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. बीटातला दोष गॅमाला लागू होत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एफ हे बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या, म्हणजे एसच्या, पेशी वाकवणाऱ्या काड्यांच्या मोळीत सामील होत नाही, मोळी बांधूच देत नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनचा निम्म्याहून अधिक भाग एफ असतो. निरोगी प्रौढ माणसात तो एक टक्क्याच्या आसपास उरतो. आता गंमत अशी की गॅमाची जनुके कुठे जात नाहीत. अकराव्या गुणसूत्रावर पाच ग्लोबिन जनुके ओळीने बसली आहेत, ज्या क्रमाने आयुष्यात कामाला लागतात जवळजवळ त्याच क्रमाने: आधी एप्सिलॉन, मग गॅमाची जोडी, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. साठीतल्या एसएस रुग्णाच्या हाडांच्या मगजातही गॅमाची दोन्ही जनुके धडधाकट असतात. औषध घरातच आहे, कपाटाला कुलूप आहे. तेव्हा 'बीटा का बिघडले' याइतकाच 'गॅमाला कुलूप कोणी लावले' हाही सिकलसेलचाच प्रश्न ठरतो.

प्रमोटर म्हणजे काय हे इथे नीट सांगायला हवे, कारण मराठीत हा शब्द कंपनीचे भागभांडवल उभे करणाऱ्याला किंवा फ्लॅट विकणाऱ्याला बहाल झाला आहे. डीएनए ए, टी, सी आणि जी या चार अक्षरांत लिहिलेला असतो; माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी सुमारे 320 कोटी अक्षरे आहेत आणि प्रथिने बनवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास. त्या जनुकांचा प्रत्यक्ष मजकूर एकूण अक्षरांच्या दोन टक्केही भरत नाही. हा संपूर्ण ग्रंथ शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, डोळ्याच्या पेशीतही आणि पित्ताशयाच्या पेशीतही. कोणत्या पेशीने कोणते पान उघडायचे एवढाच प्रश्न असतो. आरएनए पॉलिमरेझ नावाचे यंत्र जनुकाची नक्कल काढते. पण ते आपणहून कुठेही चालू होत नाही. त्याला बसायला जागा लागते, आणि तिथे त्याला आणून बसवणारी प्रथिने लागतात. ही बैठक म्हणजे प्रमोटर. नक्कल जिथून सुरू होते ते अक्षर अधिक 1 धरतात आणि त्याच्या मागच्या अक्षरांना उणे आकडे देतात. या मोजणीत शून्य नाही. उणे 1 नंतर थेट अधिक 1. साधारण उणे 30 च्या आसपास काही जनुकांत टी आणि ए यांनी भरलेला एक छोटा शब्द सापडतो, त्याला 'टाटा बॉक्स' म्हणतात. नाव ऐकून कुणीही उद्योगसमूहाकडे पाहू नये. 1978 मध्ये डेव्हिड हॉगनेस आणि मायकेल गोल्डबर्ग यांनी तो ओळखला. माणसाच्या बहुसंख्य जनुकांपुढे तो नसतोच, त्यांच्यापुढे सी आणि जी यांची दाटी असते. पण ग्लोबिनपुढे तो आहे. नहराच्या दाराची उपमा इथे बरीच पुढपर्यंत चालते. शेत कितीही कसदार असो, पाणी किती आणि केव्हा मिळेल हे दार ठरवते. उपमा फसते ती एका ठिकाणी. नहराचे दार पाटकऱ्याला ओळखत नाही, कोणीही फिरवले तर उघडते. प्रमोटरचे दार मात्र हात ओळखते. अमुक प्रथिनाने अमुक अक्षरांवर हात ठेवला तरच ते हलते.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला प्रमोटर खरे तर परका नाही, फक्त नावाने ओळख झालेली नाही. 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत जिवाणूचे जनुक घातले आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जिवाणूचा प्रमोटर कपाशीच्या पेशीत चालत नाही, म्हणून त्या जनुकापुढे फुलकोबीवर रोग आणणाऱ्या एका विषाणूचा प्रमोटर जोडावा लागला. तो नसता तर बीटीचे जनुक पऱ्हाटीत मुके पडून राहिले असते. माणसातला याहून बोलका दाखला डफी जनुकाचा आहे. या जनुकाचे प्रथिन तांबड्या पेशींवर असते आणि व्हायवॅक्स हिवतापाचा जंतू त्याला धरून पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांत त्या जनुकाच्या प्रमोटरमधले एकच अक्षर बदललेले आहे, नेमके तिथे, जिथे रक्तपेशी घडवणारे गाटा-1 नावाचे प्रथिन हात ठेवते. परिणाम असा की हे जनुक शरीरात इतरत्र चालते आणि फक्त तांबड्या पेशीत बंद राहते. जनुकाला धक्काही न लावता एका ऊतीत ते बंद आणि दुसऱ्या ऊतीत चालू ठेवता येते, याहून नेमका पुरावा मागायचा तो कोणता?

आता गॅमाच्या दाराशी थोडे थांबू, कारण सारा जीव तिथे अडकला आहे. या दारावर 'सीसीएएटी' हा शब्द दोनदा येतो, एकदा उणे 88 च्या आसपास आणि एकदा उणे 115 पाशी. जवळच्या शब्दावर एनएफ-वाय नावाचे प्रथिन बसले की दार उघडते. लांबच्या शब्दात मात्र आणखी सहा अक्षरांची एक खूण गुंतलेली आहे, आणि तिच्यावर बीसीएल11ए हे प्रथिन येऊन बसते. ते बसले की एनएफ-वायला जागेवर टिकता येत नाही, दार लागते. वर उणे 200 च्या आसपास दुसरा एक पहारेकरी बसतो, त्याचे नाव झेडबीटीबी7ए. हे कळले कसे, ती कथा उलट्या बाजूने सुरू होते. ग्रीस आणि इतर देशांतल्या काही घराण्यांत मोठेपणीही एफ भरपूर बनते, आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो, हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होते. 1980 च्या दशकात त्यांचे गॅमा प्रमोटर वाचले जाऊ लागले, तेव्हा बदललेली अक्षरे मुख्यतः दोन ठिकाणी गर्दी करून असल्याचे दिसले, उणे 115 पाशी आणि उणे 200 पाशी. तिथे नक्की काय होते याचे उत्तर मिळायला तीस वर्षे गेली. 2018 मध्ये सिडनीच्या मर्लिन क्रॉसली यांच्या गटाने दाखवले की ही अक्षरे बदलली म्हणजे त्या दोन पहारेकऱ्यांना बसायला जागा उरत नाही. त्याच वर्षी हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने बीसीएल11एची ती सहा अक्षरी खूण पक्की केली. हाडांच्या मगजात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात आणि एकेका पेशीत पंचवीस-तीस कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरले जातात. एवढा मोठा कारखाना कोणता माल काढणार हे सहा अक्षरांवर कोण बसले यावर ठरते, ही गोष्ट कितीदा वाचली तरी तिची सवय होत नाही.

या दोन ठिकाणांच्या मध्ये, उणे 158 वर, विदर्भाचे अक्षर आहे. गॅमाच्या जोडीतल्या पहिल्या जनुकापुढे या जागी बहुतेक जगात सी असतो. भारतातल्या सिकल गुणसूत्रावर बहुतेक वेळा टी असतो. 1985 मध्ये गिलमन आणि ह्यूसमन यांनी या टीचा वाढलेल्या एफशी संबंध दाखवला. 1986 मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी भारत आणि अरबस्तानातले सिकल गुणसूत्र आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळ्या ठेवणीचे असल्याचे मांडले. त्या ठेवणीलाच अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात आणि हा टी तिचा भाग आहे. तो ओळखण्याची रीत अजूनही सुरेख वाटते. सीचा टी झाला की तिथली अक्षरे अशी जुळतात की एक्सएमएन-1 नावाचे विकर नेमके तिथेच डीएनए कापते. नमुन्यातला तेवढा तुकडा वाढवायचा, त्यात हे विकर घालायचे आणि जेलवर चालवायचे. एकच जाड पट्टा उरला तर टी नाही. तो मोडून दोन लहान पट्टे झाले तर दोन्ही गुणसूत्रांवर टी आहे. तिन्ही दिसले तर एकावर आहे, एकावर नाही. हे विकर मिळते ते कसावाच्या झाडाला रोग पाडणाऱ्या जिवाणूतून. कसावा म्हणजे ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो ते झाड. एकादशीच्या खिचडीचे आणि विदर्भातल्या रक्ताचे इतके दूरचे नाते असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नसणार. भारतातल्या एसएस रुग्णांत एफचे प्रमाण अनेकदा पंधरा-वीस टक्क्यांवर दिसते आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच रुग्णांत ते एक आकडी राहते, या फरकामागे हा टी असल्याचे चाळीस वर्षे सांगितले जात आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. दारच इतके उदार असेल तर विदर्भातली मुले दवाखान्यात का भरलेली असतात? 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून बरेच फिरले. ओडिशातल्या सुरुवातीच्या अभ्यासांनी त्याला आधारही दिला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नोंदींनी त्याला तडा गेला: एफ चांगले असूनही वारंवार दुखणे, भरती होणे, रक्त चढवावे लागणे हे मध्य भारतातल्या मुलांत भरपूर दिसते. दुसरा आक्षेप शेजारच्या गावाचा नाही, घरातलाच आहे. सख्ख्या दोन एसएस भावंडांना आईकडून तेच आणि बापाकडून तेच सिकल गुणसूत्र आलेले असते, म्हणजे गॅमाचे प्रमोटरही बहुधा तेच. तरी एक आजारी आणि एक हिंडता-फिरता का? तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांचाच: उणे 158 चा टी स्वतः काही करतो, की खरे काम करणाऱ्या एखाद्या शेजारच्या अक्षराच्या हाती हात घालून नुसता वारशाने येतो? या तिन्हींना एकाच उत्तरात बांधता येते असे मला वाटते. दार एकटे काही करत नाही. दार आणि हात मिळून करतात. बीसीएल11एचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, अकराव्यावर नाही, त्यामुळे सख्ख्या भावंडांत दार एकच आणि पहारेकरी वेगळे असे सहज घडते. निरोगी माणसात उणे 158 चा टी असूनही एफ फारसे वाढत नाही. पेशी भराभर मरत असतील, मगजावर घाईचा ताण असेल, तेव्हाच त्याचा प्रभाव दिसतो. जोर लागल्यावरच उघडणारे हे दार आहे. आणि एफची सरासरी हीसुद्धा फसवी आहे: वीस टक्के म्हणजे प्रत्येक पेशीत वीस टक्के, की तिसऱ्या हिश्श्याच्या पेशींत साठ आणि बाकीच्या कोरड्या? कोरड्या पेशी वाकतातच. तिसऱ्या आक्षेपाचा निकाल पूर्ण लागलेला नाही, आणि म्हणून 'टी आहे, चिंता नको' असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. पण या आक्षेपांनी 'प्रमोटर बिनमहत्त्वाचा' असे ठरत नाही. 'एसएस' या दोन अक्षरांइतकीच 'टी' या एका अक्षराचीही आंधळी पूजा नको, एवढेच ठरते.

प्रमोटरचे वजन सर्वांत उघडे पडते ते मात्र गॅमापाशी नाही, बीटाच्याच दारात. भारतातल्या थॅलेसेमियाच्या, म्हणजे ग्लोबिन कमी बनण्याच्या, बिघाडांत उणे 88 वर सीचा टी आणि उणे 28 वर एचा जी असे दोन बदल आढळतात. पहिला बदल केएलएफ1 या प्रथिनाच्या बैठकीत होतो, दुसरा खुद्द टाटा बॉक्समध्ये. दोन्हींत बीटाचे जनुक निर्दोष असते. त्यातून निघणारे हिमोग्लोबिन अस्सल ए, म्हणजे प्रौढांचे नेहमीचे हिमोग्लोबिन, असते, फक्त फार थोडे निघते. समजा एका बाळाला एका बाजूने एस आले आणि दुसऱ्या बाजूने असे निर्दोष पण दबलेले ए आले. बाळाच्या रक्तात ए आहे, एस आहे. शिबिरातली विद्राव्यता चाचणी 'पॉझिटिव्ह' एवढेच सांगेल. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर दोन पट्टे उमटतील आणि घाईत कोणी 'एएस' लिहूनही टाकेल. पण खऱ्या वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतो; या बाळात एस जास्त आणि ए कमी असतो. हे बाळ वाहक नाही, रुग्ण आहे. त्याच्या आजाराला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. दाराच्या एका अक्षराने माणूस वाहकांच्या यादीतून रुग्णांच्या यादीत जातो. जनुकाच्या नावावर रिपोर्ट थांबवणे अपुरे आहे, या म्हणण्याला मला याहून दुसरा साक्षीदार नको.

सिकल रुग्णांच्या पिवळ्या डोळ्यांमागेही असाच एक प्रमोटर उभा असतो. तुटलेल्या तांबड्या पेशींतून निघणारे बिलिरुबिन यकृत निकाली काढते, आणि ते काम करणाऱ्या यूजीटी1ए1 जनुकापुढच्या टाटा बॉक्समध्ये 'टीए' ही जोडी सहसा सहा वेळा येते. भारतात बऱ्याच जणांत ती सात वेळा येते. एक जोडी वाढली की जनुकाचा वेग मंदावतो. निरोगी माणसाला याने अधूनमधून डोळे किंचित पिवळे होण्यापलीकडे काही होत नाही; सिकल रुग्णात पेशी मुळातच भराभर तुटत असल्याने बिलिरुबिन साचते आणि पित्ताचे खडे लवकर होतात. कावीळ उतरवणाऱ्याकडे चकरा मारून, माळा घालून थकलेल्या कुटुंबांना हे कोणी शांतपणे समजावून सांगितले तर पैसाही वाचेल आणि पथ्याच्या नावाखाली लेकराची उपासमारही थांबेल.

मग उपचार काय, हा प्रश्न उरतो. हायड्रॉक्सीयुरिया या जुन्या औषधाने एफ वाढते, म्हणजे ते गॅमाचे दार ढकलते. कसे, हे पूर्णपणे उलगडलेले नाही, पण मगजावर ताण आणून ढकलते हा त्याचा एक भाग असावा. अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. जैन यांच्या गटाने 2012 मध्ये छापलेल्या कामात किलोमागे दिवसाला 10 मिलीग्रॅम इतक्या कमी, ठरीव मात्रेवरही नागपूरकडच्या मुलांना फायदा होतो असे दिसले. ही मात्रा इतरत्र दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी आहे, आणि आपल्याकडचे दार आधीच किलकिले असते हे त्याचे एक कारण असू शकते. ग्रामीण भागाच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा आहे, कारण मात्रा कमी तर रक्ततपासण्यांची टांगती तलवारही थोडी दूर. अडचण मात्र लहान आणि हट्टी आहे. सर्रास मिळणारी कॅप्सूल 500 मिलीग्रॅमची. बारा किलोच्या लेकराला 120 हवे. मग आईने कॅप्सूल उघडून पाण्यात ढवळायची आणि चौथा हिस्सा मोजायचा, तोही पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, ज्याला उघड्या हाताने शिवूही नये असे सांगतात. आता द्रवरूप औषध निघाले आहे. ते तालुक्याच्या दवाखान्यात आणि तिथून उपकेंद्रात खंड न पडता पोहोचले तरच त्याचा उपयोग, कारण हे औषध बंद केले की दार पुन्हा लागते.

दाराचीच दुरुस्ती करण्याचे दिवसही आले आहेत. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने मान्य केलेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने बीसीएल11एचे, फक्त तांबड्या पेशींत चालणारे, एक नियंत्रक कलम कापतात. पहारेकरी घडतच नाही आणि गॅमा उघडतो. इतर काही प्रयोगांत थेट गॅमाच्या प्रमोटरवरच कात्री चालवतात, म्हणजे ग्रीक घराण्यांत निसर्गाने जे केले तेच मुद्दाम करतात. इथे एक इशारा देऊन ठेवायला हवा: दार उघडणे नेहमीच भल्याचे नसते. टर्ट नावाच्या जनुकाच्या प्रमोटरमध्ये उणे 124 वरचे एक अक्षर बदलले की पेशीला मरण विसरायला लावणारे ते जनुक उघडे राहते. 2013 मध्ये हा बदल त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगात सापडला आणि पुढे इतर अनेक कर्करोगांत. म्हणून कात्री भलत्या दाराला लागू नये याची जन्मभर चौकशी ठेवावी लागेल. पण वर्ध्याच्या दृष्टीने त्याहून आधीची अडचण पैशाची आहे. मान्यतेच्या वेळी कॅसजेव्हीची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत 22 लाख डॉलर होती. शिवाय दुरुस्त पेशी परत घालण्याआधी उरलेला मगज औषधाने जाळून टाकावा लागतो, त्यात वंध्यत्वाचा धोका असतो, आणि आठवडेच्या आठवडे जंतुविरहित खोली लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने घडवलेला 'बिरसा 101' हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले, ही आशेची गोष्ट खरी. पण ज्या सेवाग्रामात डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांकडून सुगीला ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला, तिथल्या मापाने पाहिले तर देशी किंमतही किती पायल्या होईल याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही.

तोपर्यंत जे हातात आहे ते नीट वाचले जावे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट 2047 पर्यंत सिकलसेल संपवणे आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करणे हे आहे. मोजणीचा भर अर्थातच एएस आणि एसएसवर आहे, आणि त्यातून लग्नापूर्वीच्या समुपदेशनावर. 'कुंडलीआधी रक्त जुळवा' हा सल्ला चुकीचा नाही. पण दोन अक्षरांनाच माणसाचे भविष्य मानले की एएस मुलीला आजारी ठरवून स्थळे परत जातात, आणि एसएस मुलाच्या शाळेवर खर्च कशाला, असेही घरात बोलले जाते. एसएस असलेल्याचे आयुष्य किती कठीण जाईल हे त्या दोन अक्षरांत लिहिलेले नसते, एवढे जरी समुपदेशकाने ठासून सांगितले तरी प्रमोटरच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचे चीज होईल. त्यासाठी खेड्यातल्या दवाखान्याला जेल चालवायची किंवा उणे 158 वाचायची गरज नाही, हा 'खेड्यात हे जमणार कसे' या शेवटच्या आक्षेपाला जबाब. रक्तातली हिमोग्लोबिने वेगवेगळी मोजणारे एचपीएलसी यंत्र एक नमुना सहा-साडेसहा मिनिटांत वाचते आणि कागदावर डोंगररांगेसारखी रेघ काढते. सगळ्यांच्या नजरा जातात त्या साडेचार मिनिटांच्या आसपासच्या एसच्या सुळक्याकडे. पहिल्या मिनिटाला उठलेली छोटी टेकडी एफची असते, तिच्याखाली टक्केवारी छापलेली असते, आणि गॅमाच्या दाराने, पहारेकऱ्यांनी, औषधाने मिळून जे काही केले त्याची बेरीज तिथे आयती मिळते.

तेव्हा घरात कोणाचा एसएस रिपोर्ट असेल तर फाईल उघडून हा एफचा आकडा शोधा, तो कोणत्या वयात काढला ते त्याच्याशेजारी लिहा, आणि डॉक्टरांना विचारा. शिबिरातल्या नुसत्या 'पॉझिटिव्ह'वर किंवा ए-एसची टक्केवारी नसलेल्या 'एएस'वर थांबू नका. कागदावर एसपेक्षा ए कमी दिसला तर आईवडील दोघांचीही तपासणी करून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळात एफ अजून उतरत असतो, त्यामुळे त्या वयातल्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका, पुन्हा तपासा. आणि नमुना रक्त चढवण्याआधी घ्यायला सांगा. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. रक्त चढवल्यानंतर तीन-चार महिने त्या कागदावर रुग्णाच्या बरोबरीने दात्याचेही रक्त वाचले जात असते.